शेजारच्या सीटचा ब्रेक

"लाइल, थांब! अरे थांब!"

मी ओरडले तेव्हा तो आधीच थांबला होता. मोटारसायकल जागच्या जागी खिळली, माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटलं आणि हातातलं जेलीचं भांडं लाइलच्या डोक्यावरून उडून थेट पांढऱ्या गाडीच्या काचेवर गेलं. हिरवी जेली, आत किसलेलं गाजर. समोरून येणारी ती गाडी चौकात अचानक आमच्या पुढ्यात वळली होती. आमच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावरून ती गेली आणि पलीकडे कडेला टेकून उभी राहिली. मग तिचे वायपर सुरू झाले. गाजराचा कीस काचेवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे जायला लागला. खरं सांगते, मनात आलं की जेली घट्ट मात्र छान झाली होती.

गाडीची काच खाली झाली. आत स्टेनरूडबाई. वय चौऱ्याऐंशी, केस नीट बांधलेले, हातांत पांढरे हातमोजे.

"लाइल टॉर्विक! मी तुला हात करून आधी जायला सांगितलं होतं ना?"

"हो, बाई."

"मग गेला का नाहीस?"

"चुकलंच, बाई."

हा माझा नवरा! मरता मरता वाचला आणि वर माफी मागतोय. मयताच्या जेवणाला निघालो होतो आम्ही, म्हाताऱ्या गुंडरसनच्या. पिकअप दुरुस्तीला टाकलेला, म्हणून मोटारसायकलवरून. आणखी हातभर इकडे तिकडे झालं असतं तर चर्चच्या तळघरात त्याच खुर्च्यांवर, त्याच कॉफीबरोबर आमचंही जेवण उरकून घेतलं असतं लोकांनी.

आता आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. त्या चौकात चारही बाजूंना थांबायच्या पाट्या आहेत. जो आधी आला त्यानं आधी जायचं, असा कायदा. पण विस्कॉन्सिनच्या आमच्या या कोपऱ्यात चौकातून आधी जाणं म्हणजे पंक्तीत ताटलीतला शेवटचा तुकडा उचलण्यासारखं आहे. कुणी जात नाही. सगळे एकमेकांना हात करतात, 'जा तुम्ही, जा'. कधी कधी चार गाड्या चारही बाजूंना उभ्या, आणि आत चार माणसं हसून हात हलवतायत. बाहेरगावचा माणूस वेडा होईल. बाईंची गडबड एवढीच होती की अलीकडे त्यांचा हात वर गेला की ब्रेकवरचा पायही वर जायचा. हात म्हणायचा 'जा', आणि गाडी म्हणायची 'आले'. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. खाटकाची टपालपेटी, बँकेपुढचं बाकडं, चर्चच्या पाटीचा खांब, सगळ्यांनी बाईंच्या गाडीचा प्रसाद घेतलेला. पण बाईंना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? हायस्कुलात पोरांना गाडी शिकवायच्या त्या. गावातल्या पस्तिशी ते साठीच्या प्रत्येक माणसाला चाक धरायला त्यांनी शिकवलं. गावचा पोलीससुद्धा त्यांचाच विद्यार्थी. बाईंची गाडी दिसली की तो टोपीला हात लावतो आणि दुसरीकडे बघतो.

शाळेच्या त्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. बाई तिथे बसायच्या, मांडीवर पर्स, उजवा पाय त्या ब्रेकवर तयार. पोरगं चुकलं की बाई ओरडत नसत. पाय खाली जायचा, गाडी थांबायची, आणि पोराला कळायचं की आज काही खरं नाही. एक वाक्य मात्र त्या रोज म्हणायच्या: "समोरच्याचा हात बघू नका, तोंड बघू नका. पुढचं चाक बघा. हात खोटं बोलतो, चाक खोटं बोलत नाही."

लाइलनं त्या दिवशी चाकच बघितलं होतं. बाईंनी शिकवलं म्हणून तो बाईंपासून वाचला. हे त्यानं घरी आल्यावर मला सांगितलं, आणि वर म्हणतो कसा, "बघ, किती चांगल्या शिक्षिका!"

माझं डोकंच फिरलं.

"ऐक लाइल," मी म्हटलं, "रविवारपर्यंत एक तर त्यांची गाडी रस्त्यावरून जाईल, नाहीतर तुझी मोटारसायकल या दारातून जाईल. मला विधवा व्हायची हौस नाही, आणि अंगावर जेली घेऊन तर मुळीच नाही."

"मार्लिस, अगं बाई आहेत त्या."

"बाई आहेत म्हणून तर! दुसरं कुणी असतं तर मीच जाऊन खडसावलं असतं."

माझा नवरा गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो. दिवसभर गाईंशी बोलतो, त्यामुळे माणसांसाठी शब्द फारसे उरत नाहीत. पण त्या जुन्या हिरव्या मोटारसायकलवर त्याचा भारी जीव. आमचं लग्न व्हायच्या आधीपासूनची आहे ती. बर्फ पडायला लागलं की तिच्यावर माझी गोधडी घालतो. माझी, आईनं शिवलेली! पण मेच्या पहिल्या उबदार दिवशी तो ती गोधडी काढतो आणि मला हाक मारतो, "येतेस का चक्कर मारायला?" त्या हाकेसाठी मी अख्खा हिवाळा काढते. हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर डोक्यावर बसेल.

शुक्रवारी तो धीर करून बाईंकडे गेला. दोन तासांनी परतला. हातात पिशवीभर रूबार्ब, बाईंच्या परसातले ते आंबट देठ.

"बोललास?"

"त्यांचा स्वयंपाकघरातला नळ गळत होता."

"लाइल, बोललास का?"

"नळ दुरुस्त केला," तो म्हणाला, आणि रूबार्ब सिंकमध्ये ठेवून गॅरेजमध्ये निघून गेला.

शनिवारी सकाळी मी कॉफीचा कप घेऊन खिडकीशी आले तर मोटारसायकल दारापुढच्या गवतावर उभी. धुऊन पुसून लख्ख. हँडलला पुठ्ठा बांधलेला, त्यावर त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात 'विकणे आहे'. आणि हा तिच्याकडे पाठ करून कुंपणाचा एक चांगला खिळा काढून पुन्हा ठोकत होता.

माझंच म्हणणं खरं झालं होतं. पण हातातली कॉफी मी सिंकमध्ये ओतली. माणूस आपली जिवाभावाची वस्तू विकायला काढतो, पण एका म्हातारीला 'बाई, आता पुरे' एवढं म्हणत नाही. अशा माणसाचं करायचं तरी काय? रागही येईना नीट.

दुपारी पांढरी गाडी आली. आमची टपालपेटी पाडली नाही, नुसती वाकवली. बाई उतरल्या आणि पुठ्ठ्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे काय? का विकतोयस?"

लाइलनं हातोडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गुडघे दुखतात, बाई."

"मार्लिस, दुखतात का याचे गुडघे?"

मी लाइलकडे बघितलं. तो डोळ्यांनी 'नको, नको' म्हणत होता. पण बाईंपुढे खोटं बोलायला मलाही कधी जमलं नाही.

"नाही, बाई. तुमच्यामुळे विकतोय."

"मार्लिस!"

"ओरडू नकोस, लाइल. बाई, तुम्ही हात करता आणि पाय सोडता. परवा आम्ही मेलोच होतो. हा तुम्हाला सांगू शकत नाही, म्हणून स्वतःची गाडी विकतोय."

बाईंनी पर्स उघडली, मिटली. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर मला शाप देतील. त्यांनी हातमोजे ताठ केले आणि म्हणाल्या, "चल. शेजारी बस. मी चालवते, तू परीक्षा घे. तू ठरव. मार्लिस, तू मागे. आणि तोंड बंद."

बेल्ट, आरसे, सगळं काटेकोर. गावातून जाताना तर इतकी सुरेख चालवली की मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. लाइलचे खांदे सैल झाले. एकदा तर तो हसलासुद्धा.

मग चौक आला. एका बाजूला ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला खाटकाची व्हॅन. बाईंनी नीट गाडी थांबवली. ट्रॅक्टरला हात केला, तो गेला. व्हॅनला हात केला, ती गेली. मी श्वास सोडला. तेवढ्यात आमचे पाद्री सायकलवरून आले, पुढच्या टोपलीत भोपळी मिरच्या. बाई गोड हसल्या, हात वर केला, "या, या, पाद्रीसाहेब." आणि गाडी हलली.

लाइलचा उजवा पाय खाड्‌कन खाली गेला. तिथे ब्रेक कुठला! नुसती चटई. पण तो पाय बाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचाही पाय दाबला गेला. गाडी थांबली. पाद्री मिरच्या सांभाळत, टोपी उचलून अभिवादन करून निघून गेले. त्यांना काही कळलंच नाही.

बाईंनी दोन्ही हात चाकावर ठेवले.

"तुझा पाय खाली गेला," बाई म्हणाल्या.

"नाही, बाई. गोळा आला पायात."

"लाइल." आवाज अगदी हळू होता. "तीस वर्षं मी तिथे बसले. तो पाय केव्हा खाली जातो ते मला माहितीये."

लाइलनं मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. मागे बसून मी रडत होते, तोंड बंद ठेवून, सांगितल्याप्रमाणे.

बाईंनी गिअर 'पार्क'वर टाकला, तिथेच, भर चौकात. उतरल्या. गाडीच्या पुढून, बॉनेटला एक हात लावत, सावकाश फेरा घालून लाइलच्या दाराशी आल्या. चारही बाजूंना गाड्या थांबल्या होत्या. आमचं गाव, एकानंही हॉर्न वाजवला नाही.

"उतर," त्या म्हणाल्या. "माझी जागा आहे ही."

घरी आल्यावर लाइलनं तो पुठ्ठा फाडला आणि माझ्या हातात हेल्मेट दिलं. मी ते डोक्यावर चढवलं.

आता दर रविवारी तो बाईंची गाडी चालवत त्यांना चर्चला नेतो. मी मागे बसते. बाई शेजारी, मांडीवर पर्स. सगळी वाट त्या ऐकवत असतात, आरसा बघ, हळू घे, हे काय वळण झालं? लाइल 'हो, बाई' म्हणतो. चौक जवळ आला की बाई गप्प होतात. त्यांचा उजवा पाय उचलला जातो आणि चटईवर हलके दाबला जातो. लाइल समोर बघतच नाही तेव्हा. तो त्यांच्या बुटाकडे बघत असतो. तो बूट खाली गेला की मगच तो ब्रेक दाबतो, तितकाच, तितक्याच हलक्यानं, आणि गाडी बाईंच्या पायानं थांबते.