सहीची चिठ्ठी

अजिलाँगने कागद उलगडला आणि पहिली दोन वाक्यं वाचून पुन्हा मिटला. अक्षर हेडमिस्ट्रेसबाईंचं होतं. 'अमुगेची प्रकृती अचानक बिघडली. शाळेने प्रयत्नांची शर्थ केली.'

प्रयत्नांची शर्थ! डोंबलाची शर्थ.

आंब्याखाली चटयांवर बायका बसल्या होत्या, पलीकडे बाकांवर पुरुष. मध्ये नवी कोरी शवपेटी. तिच्यात अमुगे होती, दहावीतली. दफनाआधी शाळेतर्फे हेडगर्लने दोन शब्द बोलायचे, हा इथला रिवाज. आणि हेडगर्ल अजिलाँग होती.

"लिहिलंय तसंच वाच," बाई कानाशी कुजबुजल्या. "तुझ्या शिष्यवृत्तीसाठी माझं पत्र अजून जायचंय, विसरू नकोस."

विसरेल कशी? आईने बाजारात कसाव्याचे कंद विकून तिला इथवर आणलं होतं. त्या पत्राशिवाय विद्यापीठाचं नावही काढायला नको.

शाळेच्या भुईमुगाची निंदणी निघाली की मुलींचं अंग हटकून दुखायचं. निम्म्या जणी दवाखान्याच्या खाटांवर लोळायच्या. म्हणून अजिलाँगनेच नियम काढला, तिच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय शेतातून कुणी हलायचं नाही. आठवड्याभरात सगळ्यांची दुखणी पळाली. बाईंनी तिला प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावून साऱ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या, आणि तिलाही स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं. अमुगेला सिकलसेल आहे, रक्ताच्या त्या आजारात श्रमाने हाडं ठणकतात आणि जिवावरही बेततं, हे तिला ठाऊक होतं. तेच आता तिला आतून खात होतं.

तिने माईक हातात घेतला. कागद स्कर्टच्या खिशात गेला.

"मंगळवारी निंदणी चालू असताना अमुगे माझ्याकडे चिठ्ठी मागायला आली होती. मी दिली नाही."

बायकांचं मुसमुसणं थांबलं. बाई ताडकन उठल्या.

"पोरगी दुःखाने काहीबाही बरळतेय. माफ करा हं."

"बसा हो बाई," बाकावरून अमुगेचा म्हातारा काका म्हणाला. "बोलू दे तिला."

"दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलात नेलं, तोवर उशीर झाला होता. नियम शाळेचा नव्हता. माझा होता."

बाईंनी पर्स उचलली आणि कुणाकडे न बघता त्या शाळेच्या बसकडे चालू लागल्या. पत्र गेलंच म्हणायचं. अजिलाँगला त्याचं काही वाटेना. शवपेटीजवळ अमुगेची आई बसली होती, तिने मान वर केली. आता उठेल, खाडकन थोबाडीत देईल. दिली तर बरं होईल, असं अजिलाँगला मनापासून वाटलं.

आई उठली नाही.

"काय म्हणाली गं ती?"

"म्हणाली, ताई, पाय ठणकतायत. खोटं नाही सांगत."

"मग तू काय म्हणालीस?"

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. माईक खाली ठेवून ती चटईच्या कडेशी गुडघ्यांवर बसली.

"म्हटलं, आधी तुझी ओळ पुरी कर."

आई चटईची काडी उपसत राहिली.

"केली तिने?"

"केली."

"करणारच," आई म्हणाली. "मीच तसं शिकवलं होतं तिला."