पांढऱ्या खुणेवरचा खटका

ज्या घरात आई आंधळी असते, त्या घरात दार एकतर सताड उघडं असतं नाहीतर घट्ट बंद. अर्धवट दार म्हणजे आईच्या कपाळावर टेंगूळ. लेक हे अक्षरओळखीच्या आधी शिकली. खुर्ची टेबलाखाली, कात्री खिळ्याला, चपला भिंतीला चिकटून. एखाद्या पाहुण्याने पाण्याचा जग इकडचा तिकडे ठेवला, की ती सहा वर्षांची चिमुरडी त्याला अशी झापायची की तो पुन्हा उंबरठा चढायचा नाही. नातेवाईक म्हणायचे, पोरगी फटकळ आहे. होतीच.

आई एका कचेरीत टायपिस्ट होती. साहेबांनी टेपवर सांगितलेली पत्रं ती कानाला हेडफोन लावून टाइप करायची, तीही डोळसांच्या दुप्पट वेगाने. मशीनला एक छोटा खटका असतो. तो काळ्या खुणेवर असला की अक्षरं काळी उमटतात, लाल खुणेवर लाल. पांढऱ्या खुणेवर मात्र शाईची रिबन वर उचललीच जात नाही, अक्षरं कागदावर कोरडी आपटतात. ती सोय प्रती काढायचं मेणकागदी स्टेन्सिल कापण्यासाठी. आई रोज सकाळी बोटाने खटका चाचपून मगच कामाला बसायची.

लेक दहा वर्षांची असताना एके दिवशी आईने जेवणाच्या सुट्टीनंतर बावीस पानं टाइप केली आणि बावीसच्या बावीस कोरी निघाली. साहेबांनी ती सगळ्यांसमोर फडफडवली. हेडक्लार्क हळहळला, "बाईंचा तरी काय दोष? ज्याचं काम त्याने करावं." आईने हळूच मशीन चाचपलं. खटका पांढऱ्यावर होता. शरमेने तिने तो गुपचूप काळ्यावर आणून ठेवला. दुरुस्तीवाला आला, तेव्हा मशीन ठणठणीत. आठवड्यात तिची नोकरी गेली आणि पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीवर हेडक्लार्कची मेहुणी येऊन बसली.

"माझा कोपर लागला असेल गं," आईने एकट्या लेकीला सांगितलं. "खटक्याचं कुणाला बोलू नकोस. लाज वाटते."

"कोपर? त्या हलकटाने केलंय ते!"

"तू पाहिलंस? नाही ना? मग असं बोलू नये."

त्यानंतर नऊ वर्षं आई घरी बसून पाकिटांवर पत्ते टाइप करत होती. एक ओळ झाली की बोट खटक्यावर. पुन्हा एक ओळ, पुन्हा बोट. दुप्पट वेगाची बाई निम्म्यावर आली. लेक शेजारी बसून टायपिंग शिकली ती हे थांबणं ऐकत ऐकत, आणि प्रत्येक थांबण्यागणिक तिने मनातल्या मनात हेडक्लार्कला एक शिवी हासडली. तिला त्याचं वाटोळं नको होतं. त्याने स्वतःच्या तोंडाने, चार लोकांत कबूल करावं, एवढंच हवं होतं. ते मिळेपर्यंत आईला स्वतःच्या कोपरावर भरवसा ठेवता येणार नव्हता.

पुढे लेक एका टायपिंगच्या दुकानात लागली. एका दुपारी त्याच कचेरीचा शिपाई कागद घेऊन आला. हेडक्लार्क निवृत्त होत होता. त्याचं मानपत्र, तीन पानं.

"उद्या चारला कार्यक्रम. बंद पाकिटात द्या. नवे साहेब थेट तिथेच वाचतील."

साहेबलोकांची हीच तर गंमत. सही करतात ते वाचत नाहीत आणि वाचतात त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. लेकीने पहिलं पान टाइप केलं आणि त्याच्या शेवटी, त्याच गोडगोड भाषेत, आपलं एक वाक्य घालायला घेतलं. मध्येच तिची बोटं थांबली. खरंच आईचा कोपर असला तर? तर आईची पुन्हा छीथू होणार होती, आणि या खेपेस पोटच्या पोरीमुळे. तिने दात-ओठ खात वाक्य पुरं केलं.

"त्या इमारतीत मी पाय ठेवणार नाही," लेकीने कार्यक्रमाचं काढताच आई म्हणाली.

"माझं टायपिंग साहेब वाचणार आहेत, आई. ऐकायला तरी चल."

लेकीचं काम म्हटल्यावर आई आली. दोघी शेवटच्या रांगेत बसल्या. साहेब खड्या आवाजात वाचत होते आणि वाक्यागणिक टाळ्या पडत होत्या.

"...तसेच, आपल्या मेहुणीस नोकरी मिळावी म्हणून एका आंधळ्या टायपिस्टच्या मशीनला हात लावण्याचे जे धाडस आपण दाखवलेत, त्याला तोड नाही."

सवयीने पाचसहा टाळ्या पडल्यासुद्धा. मग एकेक मान हेडक्लार्ककडे वळली.

आईची नखं लेकीच्या मनगटात रुतली. "हे तू घातलंस? वेडे, माझाच कोपर—"

तोवर हेडक्लार्क ताडकन उठला होता. "खोटं आहे! काय झालं होतं मशीनला? नुसता खटका तर सरकवला होता मी पांढऱ्यावर! तोही मस्करीत!"

खाई त्याला खवखवे. त्या कचेरीत खटक्याबद्दल आजवर चकार शब्द कुणी काढला नव्हता. ते फक्त मायलेकींना ठाऊक होतं, आणि ज्याने केलं त्याला. आपण काय बोलून बसलो हे त्याच्याही ध्यानात आलं. तो मटकन बसायला गेला. साहेबांनी कागदाची घडी घातली.

"किती पानं राहिलीत?" आईने विचारलं.

"दोन. सगळी स्तुती."

आई उभी राहिली. लेकीने दिलेला हात तिने बाजूला सारला.

"साहेब, अजून दोन पानं राहिलीत," तिचा आवाज पार व्यासपीठापर्यंत गेला. "वाचा ना. आणि हेडक्लार्कसाहेब, तुम्ही बसू नका. उभ्यानेच ऐका."

साहेबांना समोरचं वाचायची सवय होती. त्यांनी घडी उघडली. "आपल्या निष्कलंक सेवेची..." असं सुरू झालं आणि आई खाली बसली. प्रत्येक वाक्य संपलं, की त्या गप्प सभागृहात ती एकटी, सावकाश, जोरजोरात टाळ्या वाजवत राहिली.