शेवटच्या तिकिटाचा नंबर

सोनपेठचा उमाजी एसटीत कंडक्टर होता. निवृत्तीच्या दिवशी त्याने काढलेल्या शेवटच्या तिकिटाचा नंबर होता ४१२०७३१७. प्रवाशाने ते सीटवरच टाकलं, उमाजीने घरी आणलं. अंकांची बेरीज पंचवीस, म्हणजे तीनने भाग जात नाही. सातने, अकरानेही जात नाही. हा आकडा कुणालाच दाद देणारा नाही, असं त्याच्या मनाने घेतलं आणि एकदा घेतलं की त्याचं मन सोडत नसे.

परभणीला गणिताची शिकवणी घेणाऱ्या त्याच्या मुलीने, शिवकन्येने, सांगितलं की आकड्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६४१९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, अशा संख्या आठशे चौतीस. मोबाईल हे क्षणात सांगेल, असंही ती म्हणाली. मशीनने काढलेल्या तिकिटाचं मशीनलाच काय विचारायचं, असं म्हणून उमाजीने ते उडवून लावलं. मग तिने दर वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकटीत एकेक मूळ संख्या लिहून दिली. तो रोज सकाळी पाटीवर भागाकार करून खाली बाकी लिही. सव्वादोन वर्षं हा उद्योग चालला. बायको मनकर्णाबाई हसायची, पण पाटी पुसून तीच द्यायची.

शेवटच्या दिवशी शिवकन्या मुद्दाम आली. ६३९७ ने भागून बाकी ४२४० उरली. स्टँडवर वाटायला किलोभर पेढे आधीच आणलेले होते. शिवकन्येने कौतुकाने जुनी पानं चाळली आणि थांबली. आठ महिन्यांपूर्वीच्या सलग तेरा चौकटींत बाकीच नव्हती. मनकर्णाबाई गेली ते तेरा दिवस.

नंतर का केले नाहीत, असं तिने विचारलं. उमाजीला प्रश्नच कळेना.

"रद्द झालेली फेरी दुसऱ्या दिवशी कोण मारतंय? पुढची गाडी काढायची."

नोकरीत तेच बरोबर होतं. तिने वाद घातला नाही, पाटी घेऊन ते तेरा भागाकार करायला बसली. नवव्या चौकटीत ४२५३ होता. उत्तर ९६८९, बाकी शून्य.

सांगावं की नाही, असं तिच्या मनात आलं. गणिताच्या बाईला खोटं बोलता येईना. तिने पाटी त्याच्यापुढे ठेवली. उमाजीने गुणाकार करून पाहिला, दोनदा. आकडा तंतोतंत आला.

"अण्णा, त्याच दिवशी भागलं असतं तर तवाच संपलं असतं," ती म्हणाली. तिला फार वाईट वाटत होतं.

उमाजीने पाटी खाली ठेवली.

"बरं झालं न्हाई भागलं," तो म्हणाला. "तुझी आई गेल्यावर रोज सकाळी मी उठलो असतो कशासाठी?"