शरणम्माची मांडणी आणि भिंतीतली तार

विरुपाक्षनं ड्रिल घातलं आणि नेमकं भिंतीतल्या तारेलाच भोक पडलं. पण ते पडलंच नाही असं धरून चाला. घरातली अधिकृत भूमिका तीच आहे.

साल चौऱ्याहत्तर. होटगी रोडवरच्या नव्या घरात तारा भिंतीच्या पोटातून नेलेल्या. दिसायला फार सुबक, म्हणजे दिसतच नव्हत्या. विरुपाक्षच्या बायकोची, शरणम्माची, माहेरची स्टीलची मांडणी मात्र तीन महिने जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होती. मंद्रूपहून तिच्या वडिलांनी, कल्लप्पांनी, निरोप धाडला होता, "रविवारी येतो. मांडणी भिंतीवर नसली तर धाकट्या लेकीला नेऊन देतो."

"मांडणी गेली तर तिच्यासंगं मीबी जाणार," शरणम्मा म्हणाली. तिच्या बोलण्यात धमकी नव्हती. नुसतं वेळापत्रक होतं.

ऑफिसातल्या शिवयोगीनं युक्ती दिली होती. ट्रान्झिस्टर भिंतीवरून फिरवायचा. तार आली की गाणं बुडतं आणि खरखर सुरू होते. विरुपाक्ष सावध माणूस. उगाच शॉक नको म्हणून त्यानं आधी मेन स्विच बंद केला आणि मग तार शोधायला निघाला. सेलवरचा ट्रान्झिस्टर सगळ्या भिंतीभर गोड गात राहिला.

"भिंतीत तारच न्हाय!" असं जाहीर करून त्यानं हाताचं ड्रिल फिरवलं. टोकाला तांब्याचा चुरा आला.

"अहो, वीजच बंद केल्यावर तार खरखरंल कशी?"

"हे आधी सांगायचं की!"

"तुमी गाण्यासंगं गात होता. मला वाटलं, जमतंय."

बाकीची भोकं वीतभर सरकवून पाडली. रविवारी अकराच्या आत मांडणी चढली, ताटं लागली. कल्लप्पा आले, मान डोलावली आणि म्हणाले, "झ्याक. जावईबापू, आता दिवा लावा. नीट बघू दे."

शरणम्मा पिठाच्या डब्यात काहीतरी शोधू लागली.

"मामा, रविवारी विजेला सुट्टी असती," विरुपाक्ष म्हणाला.

कल्लप्पांनी विचार केला. "बरोबर हाय. आमी सोमवारी बैल जुंपत न्हाय. मुकं जनावर काय, वीज काय. पुढच्या रविवारी धाकटीला आणतो, तिलाबी दावतो."

सोमवारी वायरमन आला. भिंत फोडावी लागेल, म्हणाला, आणि मांडणी पंधरा दिवस खाली. विरुपाक्षनं त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि कागद घेतला.

'मे. अभियंता साहेब, वीज कार्यालय, सोलापूर यांस. अर्ज करतो ऐसा जे, विजेस आठवड्याचे सातही दिवस राबवले जाते, हे बैलांच्या तुलनेत अन्यायाचे आहे. तरी तीस दर रविवारी पगारी सुट्टी मंजूर व्हावी, व तसा दाखला मंद्रूपच्या पत्त्यावर शनिवारपूर्वी पोहोचेल असा पाठवावा, ही नम्र विनंती.'