कथलाचे पळणारे स्वार

माझी बायको कुसुम फेब्रुवारीत वारली. म्युनिकमध्ये आमच्या खोल्यांच्या खाली घरमालक हेर ब्रांडल, म्हणजे ब्रांडलसाहेब, यांचं दुकान होतं. ते कथलाचे चपटे सैनिक ओतायचे आणि कुसुम ते रंगवायची. मी कारखान्यात गेलो की ती खाली जाऊन बसायची.

त्या वर्षी, १९६३ साली, ब्रांडलना एका संग्रहालयासाठी जुनी लढाई मांडायची होती. क्रूसयुद्धाला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, निघालेलं जर्मन सैन्य ११४७ साली डोरिलियमजवळ तुर्कांनी बुडवलं, ती. तुर्क स्वार कुसुमकडे होते. मांडणीच्या मागे फळी येणार होती, म्हणून तिने ते एकाच बाजूने रंगवले, शत्रूकडे पाठ करून पळताना दिसतील असे. दुसरी बाजू कोरी राहिली. एकाला तिने माझ्यासारख्या मिशा काढल्या.

"अहो, हे तुम्ही. पाहुणे आले की असेच पळता."

"मग घोडा तरी जरा उंच द्यायचास."

"आणि पडलात म्हणजे?"

मे महिन्यात ब्रांडलनी मला खाली बोलावलं. "हेर गद्रे, ही लढाई तुर्कांनी जिंकली. जिंकणारे पळतील कसे? तुमच्या बायकोची चूक झाली. मी स्वार उलटे फिरवतो, म्हणजे तोंडं शत्रूकडे होतील, आणि कोरी बाजू रंगवतो."

म्हणजे तिचा रंग कायमचा मागच्या फळीकडे जाणार होता. या देशात तिच्या हातचं दुसरं काही राहिलं नव्हतं.

"चूक नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे मराठेही असे लढायचे. पळायचं, शत्रूला मागे धावायला लावायचं. तो दमला, पांगला की वळायचं. कुसुम म्हणायचीसुद्धा, या तुर्कांना आपला गनिमी कावा कुणी शिकवला?"

"हो, हो. पण बघणाऱ्याला ते कसं कळणार?"

"तुमचे घोडेस्वार त्यांच्या मागे धावू देत. पायदळ लांब मागे ठेवा, एकटं."

ब्रांडलनी पायदळातला एक सैनिक उचलून लांब मागे ठेवला. तरुणपणी ते रशियात लढायला गेले होते.

"आम्हीही असेच धावत गेलो," ते म्हणाले. "पुढे सगळं मोकळं दिसत होतं."

मग त्यांनी जर्मन घोडेस्वार उचलून पुढे नेले. कुसुमचे स्वार होते तसेच ठेवले आणि गोंदाची बाटली उघडली.

"हा मिशीवाला कुठे लावू?"

"सगळ्यात मागे. त्याला घोड्यावर नीट बसता येत नाही."

त्यांनी तो तिथे चिकटवला. कोरी बाजू फळीकडे राहिली.