खुरसामागचा माड

फोटोच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. तारीख नव्हती, फोटोवाल्याचा शिक्काही नव्हता. पुठ्ठ्यावर चिकटवलेला पोस्टकार्डाएवढा कागद, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. एका खुरसाच्या पायऱ्यांवर पाच माणसं उभी होती. खुरीस म्हणजे ख्रिस्ती लोक वाटेच्या कडेला चुन्यात बांधतात तो क्रूस. त्याच्यावर पताका लावल्या होत्या आणि त्याच्या पाठीला लागून एक कोवळा माड होता.

डावीकडून दुसऱ्या माणसावर यशोदाकाकीने बोट ठेवलं. "हे."

ओसरीवर तिचा दीर दत्ताराम बसला होता. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. "वैनी, माझ्या भावाक मिशी होती. पीळ देऊन थंय लिंबू ठेवल्यार पडाचा नाय अशी. हो मिशी नसलेलो कोण तरी पाव विकणारो आसात."

"भावोजी, हात बघा. डाव्या हाताचा बोट."

मी माझं भिंग काढलं, कॉलेजात फुलांचे अवयव बघायला वापरायचो ते. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापाशी संपत होतं. दोराच्या फासात सापडून काकीच्या नवऱ्याचं, हरिश्चंद्राचं, ते बोट तुटल्याचं आमच्या आरोंदा गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

हे १९६२ सालच्या मे महिन्यातलं. मी नुकताच बी.एस्सी. होऊन घरी आलो होतो; जूनपासून मालवणच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचं होतं. यशोदाकाकी आमची शेजारीण. तिचा नवरा हरिश्चंद्र १९५० च्या कार्तिकात गेला. मिठाची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली, तिघांपैकी दोघं सापडले, तो सापडला नाही. सापडला नाही म्हणून त्याला अग्नी नाही, आणि अग्नी नाही म्हणून काकीचं कुंकू तसंच राहिलं. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि तो पुतळा जाळतात. ती बारा वर्षं येत्या कार्तिकात भरत होती. दत्तारामाने देवळात कौल लावून घेतला होता. पाकळी उजवीकडची पडली होती. देवीचा होकार.

आणि आता हा फोटो आला होता. खाडीपलीकडे गोवा. चोपन्न सालापासून ती हद्द बंद होती. डिसेंबरात पोर्तुगीज गेले आणि होड्या पुन्हा सुरू झाल्या. होडीवाल्या गणपतने पलीकडच्या एका दारूच्या दुकानात भिंतीवर हा फोटो पाहिला आणि मागून आणला.

दत्ताराम उठून गेल्यावर काकी म्हणाली, "गुरुदासा, तू शिकलंस. फोटो होडी बुडाच्या आदीचो काय मागचो, इतक्याच माका सांग. आदीचो आसात तर काय ता होऊंदे. पण मागचो आसात, तर मी जित्या माणसाक जाळतलंय."

प्रश्न सरळ होता, आणि अशा प्रश्नाला उत्तर असतं असं तेव्हा मला वाटत असे.

दुसऱ्या दिवशी मी गणपतच्या होडीतून पलीकडे गेलो. दुकानाचा मालक कायतान, साठीचा, बनियनवर बसलेला. फोटो पाहून हसला.

"ताका आमी बाबू म्हणटाले. मिठागरार कामाक येतालो. केन्ना येतालो, केन्ना ना."

"फोटो कुठल्या वर्षाचा?"

"वर्स कोण धरता, बाबा? खुरसाच्या फेस्ताचो. फेस्त मे म्हयन्याच्या सुरवातेक. म्हापशाचो फोटोवालो दर वर्सा येतालो."

"आणि तो माणूस?"

"मागीर मुरगांवा गेलो म्हणटात. खबर ना."

फेस्त म्हणजे खुरसाचा वार्षिक सण; तेव्हा महिना मिळाला, वर्ष नाही. हरिश्चंद्र होडी बुडायच्या आधीही मिठागरावर जायचा, हे आरोंद्यात कोणीही सांगितलं असतं. एवढ्याने काही ठरत नव्हतं.

खुरीस दुकानापासून हाकेच्या अंतरावर होता. त्याच्यामागचा माड आता चांगला उंच झाला होता. त्याच्याकडे बघताना मला सुचलं. माडाची झावळी गळून पडली की खोडावर तिच्या देठाची खूण राहते, कड्यासारखी. ती कधी बुजत नाही. फोटोत सर्वांत खालची झावळी खुरसाच्या आडव्या हाताच्या रेषेत निघाली होती. त्या रेषेपासून आजच्या शेंड्यापर्यंत जितकी कडी, तितक्या झावळ्या मधल्या काळात गळल्या.

वर्षाला किती झावळ्या गळतात, हे पुस्तकात होतं. पण पुस्तकातले माड दुसऱ्या देशातले होते. आमच्या परसातल्या माडाला बाबांनी १९५३ च्या मे महिन्यात उंदरांसाठी पत्रा मारला होता, अगदी शेंड्याखाली. मी घरी आलो, त्या माडावर चढलो आणि पत्र्याच्या वरची कडी मोजली. एकशे तेरा. नऊ वर्षांत एकशे तेरा, म्हणजे वर्षाला साडेबारा. खालून आमची अक्का ओरडत होती, "बी.एस्सी. झालो आणि माडार चढलो! ह्याच करूचा होता तर शाळा कित्याक?"

तिसऱ्या दिवशी पुन्हा पलीकडे. कायतानने शिडी दिली आणि शिडीच्या वर मी खोडावरच्या खाचांत पाय रोवत गेलो. कड्यांवर खडूची खूण करत मोजली, उतरताना पुन्हा मोजली. दोन्ही वेळा एकशे अडतीस. भागाकार केला की अकरा वर्षं. १९५१ चा मे.

पण फोटोत पताकांमुळे खालच्या झावळीचा सांधा झाकला गेला होता. दहाबारा कड्यांची चूक सहज होऊ शकत होती, म्हणजे जवळजवळ एका वर्षाची. १९५० चा मे असेल, तर होडी बुडायच्या आधीचा. एकावन्न किंवा बावन्न असेल, तर नंतरचा. माडाने मला बरोबर त्या रेषेवर आणून सोडलं होतं आणि पुढे तो काही सांगत नव्हता.

परत फिरण्याआधी मी पायरीवर, हरिश्चंद्राच्या जागी उभा राहिलो. फोटोतली चार माणसं फोटोवाल्याकडे बघत होती. तो बघत नव्हता. त्याची मान थोडी डावीकडे होती, आणि एवढे दिवस मला वाटत होतं की कोणी हाक मारली असेल. मी मान तितकीच वळवली.

समोर खाडी होती. पलीकडे आरोंदा. माडांच्या फटीतून एकच अंगण उघडं दिसत होतं, आणि दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. एक बाई वाकून काही तरी पसरत होती, बहुतेक कोकमाची सोलं. चेहरा दिसत नव्हता, पण कंबरेवर हात ठेवून सरळ होण्याची ती ढब मी लहानपणापासून पाहत आलो होतो.

मी पायरीवरून उतरलो.

संध्याकाळी काकीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. अंगणाचं तेवढं सांगितलं नाही.

"म्हणजे माडाक म्हायत नाय," ती म्हणाली.

"पन्नास ते बावन्न, एवढंच म्हणता येतं."

"आणि भिंगातसून काय दिसता? मिशी नाय ती नायच?"

मी दिव्याची वात वर केली आणि भिंग पुन्हा फोटोवर धरलं. दत्तारामाच्या बोलण्यामुळे मी त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं; बोट सापडल्यावर ओळख पटली आणि मी माडाच्या मागे लागलो. आता पाहिलं. प्रयोगशाळेत सांगतात तसं, जे दिसेल ते मी बोलत गेलो.

"वरच्या ओठावरची कातडी गालापेक्षा उजळ आहे. म्हणजे तिथे मिशी होती आणि नुकतीच काढलेली. डोक्यावरचे केस सगळीकडे सारखेच आखूड आहेत. डोकंही त्याच वेळी भादरलेलं. पंधरा दिवसांची वाढ असेल."

बोलून झाल्यावर मी काय बोललो ते माझ्या लक्षात आलं. मिशी आणि डोकं एकदम माणूस कधी काढतो, हे सांगायला बी.एस्सी. लागत नाही. आई किंवा बाप गेल्यावर.

काकी फोटोकडे बघत नव्हती. दाराबाहेर खाडीकडे बघत होती.

"मामंजी तर ह्ये लहान असताना गेले," ती सावकाश म्हणाली. "तेव्हा खंयची मिशी. आणि म्हातारी गेली एकावन्नाच्या चैतात. पाडव्यामागसून."

चैत्र संपता संपता मे लागतो. फेस्त मेच्या सुरुवातीला. मला पुढचं बोलावं लागलं नाही.

म्हातारीची क्रिया दत्तारामाने केली होती. केस त्याने काढले, मिशी त्याने काढली, गावाने पाहिलं. त्यामुळे त्या घरात आईसाठी केस काढणारा दुसरा कोणी असेल, हे अकरा वर्षांत कोणाच्या मनात आलं नाही. फोटो समोर असतानाही आलं नाही.

"दहाव्याक आमी सगळी खाडीर होतव," काकी सांगू लागली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "कावळो शिवा नाय. भावोजी हात जोडून बसलेले. तेव्हा पलीकडच्या काठार कोण तरी न्हात होतो. एकटोच. डोक्यार पाणी घेय, परत घेय. माका वाटला, किरिस्तांव आसात, आमचा दहावा म्हणून थंयच रवलो. मगे तो उभो रवलो आणि इकडे कावळो शिवलो."

दिव्याची वात फडफडली. मी ती खाली केली.

"हद्द तेव्हा उघडी होती," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

"म्हायत आसा माका. होडी दिसाक चार फेरे घाली. गणपतचो बापूस चालवी."

मग मी विचारलं, "दत्तारामकाकांना काय सांगू? विधी थांबवायला सांगू?"

तिने फोटो पदराने पुसला. "माडान काय सांगल्यान ता सांग."

"पण काकी, तो जिवंत..."

"असतीत. नसतीत. ता त्येंका म्हायत." तिने फोटो माझ्या हातात दिला नाही, स्वतःपाशीच ठेवला. "घरचा सुतक त्येंनी थंय बसून पाळल्यानी, गुरुदासा. आवशीचा. माझो कोण इचार करूक नाय. आता त्येंचा मी हंय पाळतंय."

दत्ताराम दुसऱ्या सकाळी आलाच. मी पन्नास ते बावन्न असं सांगितलं. तो हसला. "म्हणजे आदीचो. माडापरास कौल बरो." काकी आत चुलीपुढे होती.

जून लागला, मी मालवणला गेलो. कार्तिकात दोन दिवसांची रजा काढून परत आलो. कोणी बोलावलं नव्हतं.

खाडीच्या काठी भटजी पुतळा बांधत होते. दर्भाचे हात, दर्भाचे पाय, वर पळसाची पानं. हाडं समजून एकेक काडी मंत्र म्हणत ठेवली जात होती. छातीच्या जागी पानांखाली पुठ्ठ्याची कड दिसली. कोणाचं लक्ष गेलं असेल असं वाटत नाही. मग भटजींनी डोक्यासाठी हात पुढे केला आणि काकीने पदराखालून नारळ काढून दिला.

तो नारळ तासलेला होता. एकही काथा नव्हता. शेंडी तर मुळापासून काढलेली, आणि कवटी खोबरेल लावल्यासारखी गुळगुळीत. रात्रभर विळीवर बसून कोणी खरवडावा तसा.

भटजी थांबले. "अगो, शेंडी खंय? असो नारळ कोण देता?"

"ऱ्हवांदे, भटजी," काकी म्हणाली. "ते असेच होते."

दत्तारामाने नारळाकडे पाहिलं. त्याचा हात आपसूक स्वतःच्या मिशीवर गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने वहिनीकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे. मी मान खाली घातली. भटजींनी दोनदा सांगितल्यावर दत्तारामाने हातातलं पेटतं लाकूड पुतळ्याला लावलं.

पळसाची पानं ओली होती, आधी नुसता धूर झाला. तो पाण्यावरून सरकत पलीकडे गेला. धूर विरल्यावर दत्ताराम, काकी, मी, आणि काही ठाऊक नसलेला गणपतही, सगळेच त्या काठाकडे बघत होतो.

तिथे कोणी न्हात नव्हतं.