आत्याची ओवी

सुखदाच्या चुड्याच्या दिवशी जयनगरच्या कार्यालयात आचाऱ्याने खतखत्याची मिश्र भाजी म्हणून जे वाढलं, त्यात कढीपत्त्याची फोडणी होती आणि तिरफळाचा पत्ता नव्हता. मी पान तसंच टाकून उठलो. चाळीस वर्षं इथे कानडी मुलखात, बसवनगुडीत काढली, सांबाराशी माझं भांडण नाही. पण माझ्या लेकीच्या लग्नात त्याला खतखतं म्हणू नये.

राग आचाऱ्यावर काढत होतो एवढंच. घोर दुसराच होता.

आमच्या गावी, मडकईला लग्न म्हटलं की आदल्या दिवसापासून गुळाचा आणि नारळाच्या रसाचा वास वाडाभर सुटायचा. मणगणं, ती चणाडाळीची खीर, द्रोण ओठाला लावून प्यायचं. मांडवामागे पुरुषांत काजूच्या फेणीची बाटली फिरायची, आणि भटजींसकट सगळे ती दिसलीच नाही असं दाखवायचे. दारात सनई असायची. पण बायका ओव्या म्हणायला बसल्या की सनईवाल्यालाही गप्प करत. एकेका ओवीत घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं. पहिला आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा, प्रेमाताईचा.

माझ्या लग्नाआधी सहा महिने तिचे यजमान गेले. हळदीच्या सकाळी ती नेहमीसारखी बायकांत येऊन बसली, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "ताई, आज तू आतच थांब." मला कुणी तसं सांगायला लावलं नव्हतं. ती उठली आणि चुलीपाशी मणगणं ढवळत बसली. त्याला छत्तीस वर्षं झाली. त्यानंतर तिने कुणाच्याच लग्नात ओवी म्हटली नाही.

आता त्या ओव्या येणारी आमच्यात ती एकटीच उरली आहे. सुखदाच्या लग्नाला ती पंच्यात तिरफळं बांधून घेऊन आली, पण सुखदाने ओव्यांचं विचारलं तेव्हा म्हणाली, "विसरले गं."

"बाबा, फोनवरचं काहीतरी स्पीकरला लावलेलं मला नकोय," सुखदा मला म्हणाली. "आत्या म्हणणार नसेल तर प्लीज काहीच नको."

मी बायकोला म्हटलं, तू विचारून बघ. हेमलता माझ्याकडे बघतच राहिली. "ते तोंड तुम्ही बंद केलंत. तुम्हीच उघडा."

जेवणानंतर बांगड्यावाला देवाप्पा सुखदाचा हात दाबत, "स्वल्प, स्वल्प" करत हिरव्या बांगड्या चढवू लागला. ताई बायकांपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. मी सगळ्यांदेखत तिच्यासमोर जमिनीवर बसलो. गुडघे कटकन वाजले.

"ताई, मी चुकलो. त्या दिवशी तुला उठवलं, फार वाईट केलं. आज पुढे येऊन बस."

"एवढी वर्षं लागली, वासू?" ती म्हणाली. मग ती उठली आणि सुखदाशेजारी जाऊन बसली.

आवाज जाड झाला होता, मधेच फाटत होता. पण एकही शब्द ती विसरली नव्हती. देवाची ओवी झाली, नवरीची झाली, हेमलताचं नाव आलं, माझंही आलं. पुढची ओवी आत्याची. आपल्या नावाची ओवी आपण म्हणत नाही, ती दुसरीने म्हणायची असते. ताई थांबली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणालाच ती येत नव्हती.

मला येत होती. लहानपणी ताईच्या मांडीला टेकून ऐकलेली. आमच्यात पुरुष ओवी म्हणत नाहीत. मी म्हटली. आत्या अंगणात आली, घर उजळलं, प्रेमा तिचं नाव, एवढीच ती ओवी. घोगऱ्या, बेसूर आवाजात नावापर्यंत आलो आणि मला रडू कोसळलं.

ताईने पदराने डोळे टिपले.

"चाल चुकली," ती म्हणाली. "परत म्हण. आणि नाव नीट घे."